दीड इंच माया: थकलेल्या आजीचं लुगडं-चोळी बदलून शिवताना

जन्मभर इरकल नेसलेली बाई एक दिवस गाऊनमध्ये दिसते. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं असतं, नाहीतर अर्धांगाचा झटका येऊन गेलेला असतो. दवाखान्यातून ती गाऊनवरच घरी येते आणि सोयीचं पडतं म्हणून कुणीतरी बेळगावच्या खडेबाजारातून आणखी तीन आणून ठेवतं. भेटायला माणसं आली की ती चादर गळ्यापर्यंत ओढून घेते. घरचे म्हणतात, थंडी वाजते. बहुतेक वेळा थंडी नसते, डोईवर घ्यायला पदर नसतो.

तिचं लुगडं आणि चोळी असं बदलून शिवता येतं की बघणाऱ्याला ते लुगडंच दिसावं, तिलाही ते आपलंच वाटावं, आणि नेसवणाऱ्या सुनेची, लेकीची कंबर मोडू नये. साधं पायाचं मशीन आणि हातशिलाई एवढ्यावर हे सगळं होतं. खाली मापं इंचात आणि कापड मीटरमध्ये दिलं आहे, आपल्याकडच्या शिंप्यांची सवय तीच आहे म्हणून.

टेप काढायच्या आधी

पहिल्या दिवशी माप घेऊ नका. सकाळी आंघोळीनंतर तिला कपडे घालतात त्या वेळी, तिची परवानगी घेऊन, नुसतं बसून बघा. हात कुठवर वर जातो, कोणत्या क्षणी तोंड वाकडं होतं, घालणारी बाई कुठल्या बाजूला उभी राहते, गाठ कोण मारतं आणि ती किती वेळा सुटते, हे सगळं वहीत टिपा. चोळी घालायला १० मिनिटं लागत असतील तर त्यातली ७ एका बाहीत जातात, हे असं बसल्याशिवाय कळत नाही.

मग घरी येऊन स्वतःवर एक प्रयोग करा. उजवा हात कोपरात वाकवून ओढणीनं अंगाशी घट्ट बांधा, डाव्या हातात लोकरीचा हातमोजा घाला आणि हुकांचा ब्लाउज घालून बघा. दुसऱ्या हुकाला तुम्ही हात टेकाल. मऊ हूक आणू, मोठं काज करू असल्या सूचना तिथंच गळून पडतात. हूक हीच चुकीची वस्तू आहे हे बोटांना कळलेलं असतं.

विचारायचं ते तिलाच विचारा. शिंपी, मुलगा, सून तिघं तिच्या डोक्यावरून बोलतात आणि ती छताकडे बघत राहते, हे फार घरांत होतं. पाटावर नाहीतर कॉटच्या कडेला बसून, तिच्या नजरेच्या उंचीवर येऊन बोला. मराठीत उत्तर येईना तर कानडीत विचारून बघा. सीमाभागात अनेक म्हाताऱ्या माणसांना लहानपणीचा शब्द चटकन सापडतो. 'चोळी'ला गप्प राहिलेली आजी 'कुबसा' म्हटल्यावर बोलायला लागेल.

“आजी, गोल नेसत होता की काष्टा घालत होता?” इथून सुरुवात करा. पदर कोणत्या खांद्यावर, डोईवर किती पुढं, चोळी गाठीची की बटणांची, काठ किती रुंद आवडतो, पायाचा घोटा दिसलेला चालतो का, हे एकेक करून विचारा. एकदम सगळं विचारलं की ती “तुम्हाला बरं वाटेल तसं करा” म्हणते, आणि त्या वाक्याचा अर्थ होकार असा घेऊ नये.

रंग मात्र वेगळा विचारा, आणि तिथं स्वतःचं मत घालू नका. नवरा गेल्यावर हिरवा सोडलेल्या बायका आहेत. मुद्दाम हिरवा मागणाऱ्याही आहेत. एकीला चंद्रकळा म्हणजे संक्रांत, दुसऱ्या घरात काळं अंगाला लावत नाहीत. यातलं काय बरोबर हे ठरवणं शिवणाऱ्याचं काम नाही. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: “ट्रंकेतलं कुठलं लुगडं कापायचं नाही?” तिनं दाखवलेल्या लुगड्याला हात लावायचा नाही, मग ते कितीही सोयीचं असो. लग्नातलं, आईनं दिलेलं, पहिल्या ओटीभरणीचं असलं काहीतरी ते असतं. कारण सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर विचारू नका.

माप

उभं राहता येत असेल तर उभ्यानं आणि बसून, दोन्ही मापं घ्या. बसल्यावर सीट पसरते, पोट पुढं येतं आणि मागचं कापड वर चढतं. उभ्या मापावर शिवलेला घेर खुर्चीत बसल्यावर मांडीला तटतो. बसून घेतलेलं सीटचं माप धरा आणि वर ३ इंच सोडा. पाठीला बाक असेल तर मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत मागचं आणि खांद्यापासून कमरेपर्यंत पुढचं माप वेगवेगळं घ्या. मागची बाजू पुढच्यापेक्षा दीड-दोन इंच जास्त निघू शकते. तो फरक कमरेला वाढवला तर चोळी मागं लोंबते. तो वर, मानेखाली दोन बारीक चुण्या घालून जिरवा आणि पुढचा गळा अर्धा इंच वर ठेवा, कारण वाकलेल्या माणसाचा पुढचा गळा नेहमी उघडा पडतो. बघणाऱ्याला ते लक्षात येत नाही, तिला येतं.

टेप थंड लागते, हातही थंड असतात. दोन्ही आधी चोळून घ्या. काखेखालून टेप नेण्याआधी “आता हात इथं लावते” असं म्हणा.

वजन आणि सूज महिन्यागणिक कमीजास्त होतात. म्हणून बाजूच्या शिलाईत दोन्हीकडं दीड-दीड इंच माया सोडायची. शिंप्याच्या बोलीत या जादा कापडाला माया का म्हणतात ते इथं शिवताना कळतं. पण ती माया तशीच आत लोंबती ठेवली तर गोळा होऊन बरगडीत रुतते. दोन्ही पाखं उघडून इस्त्रीनं सपाट करा आणि विरळ हाताच्या टाक्यानं अस्तराला धरून ठेवा. अंथरुणात कुशीवर वळवावं लागत असेल तर बाजूची शिलाई १ इंच पुढं सरकवा, म्हणजे ती अंगाखाली येत नाही.

चोळी

आधी मांजरपाटाची नमुना चोळी शिवा. मांजरपाट रात्रभर भिजवून, वाळवून, मगच कापा, नाहीतर नमुनाच आटतो. खणाचंही तेच. शिवाय खणाचा रंग तपासायला पांढरं सुती फडकं ओलं करून खणाच्या लाल-हिरव्या भागावर मिनिटभर चोळा. रंग उतरला तर तो खण लघवी-घामाच्या संपर्कात येणाऱ्या कपड्याला वापरू नका, फक्त बाहीच्या पट्टीला वापरा.

गुळेदगुड्डचा खण इथं प्रत्येक घरात निघतो. ओटीत आलेले, हळदी-कुंकवात मिळालेले, कित्येक वर्षं न शिवलेले. अडचण अशी की त्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असते आणि या कामासाठी चोळी नेहमीपेक्षा बरीच सैल लागते. छाती ३६ असेल तर एरवी आपण ३७½-३८ ठेवतो, इथं ४० ठेवा. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नेहमीपेक्षा सव्वा इंच खोल घ्या. दंडघेर ११ असेल तर बाहीचा घेर १४ करा. एक खण याला पुरत नाही. म्हणून पाठ मऊ मलमलीची किंवा धुऊन नरम झालेल्या सुती साडीची करा आणि खण फक्त पुढच्या दोन भागांना आणि बाह्यांना लावा. याचा दुसरा फायदा मोठा आहे: खण जाडसर असतो आणि पाठीखाली टोचतो. पडून राहणाऱ्या माणसाच्या पाठीला मलमलच हवी.

काखेत ३ इंचांची चौकोनी कळी घाला. खांदा आखडलेला असला की हात वर जात नाही, नुसता पुढं जातो, आणि त्या वेळी सगळा ताण काखेच्या शिलाईवर येतो. कळी नसलेली चोळी पहिल्याच आठवड्यात तिथं उसवते.

पुढचं उघडं अंग डावी-उजवीकडून अडीच इंच एकमेकांवर येऊ द्या. आत ४ चपटी प्लॅस्टिकची टिचबटणं, १० ते १२ मिलिमीटरची, हातानं शिवा. धातूची थंडीत गार लागतात आणि अंग टेकलं की वळ उठवतात. गाठीची चोळी घालणारी बाई असेल तर खालच्या टोकांना नेहमीसारखी गाठ दिसली पाहिजे. ४ इंचांच्या दोन शेपट्या कापून एकदाच गाठ मारा, ती एका बाजूला पक्की शिवा, दुसरी बाजू तिच्याखाली टिचबटणानं बसेल अशी करा. ही गाठ खोटी आहे हे तिला दाखवा. लपवलं तर पहिल्या दिवशीच ती सोडवायला जाईल, सुटणार नाही, आणि हात गेले म्हणून घाबरेल.

टिचबटणाची एक गोची आहे. ते बसवायला दाबावं लागतं आणि खाली हाड असेल तर दुखतं. नेसवणारीला आधीच दाखवून ठेवा: एक बोट कापडाच्या आत सरकवायचं, मग अंगठ्यानं वरून दाबायचं, म्हणजे दाब बोटावर येतो. वेल्क्रो त्याहून सोपा वाटतो, पण इरकलच्या रेशमी काठाचे धागे ओढून काढतो. लावायचाच तर फक्त कमरपट्टीला, खरखरीत बाजू कातडीपासून दूर ठेवून, आणि धुताना नेहमी बंद करून.

काहीजण चुंबकाची बटणं सुचवतात. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर ती अजिबात लावू नका. नेसवणाऱ्याच्या छातीतही पेसमेकर असू शकतो, तेही विचारून घ्या.

एका बाजूनं अंग गेलेलं असेल तर

नियम जुना आणि पक्का आहे: घालताना आधी दुबळी बाजू, काढताना दुबळी बाजू शेवटी. चोळी त्या नियमाला धरून शिवायची.

समजा उजवा हात गेला आहे. उजव्या खांद्याची शिलाई आणि तिथून पुढं बाहीची वरची रेघ, गळ्यापासून बाहीच्या काठापर्यंत पूर्ण उघडी ठेवा. खांदा ४ आणि बाही ७ इंच धरली तर ११ इंचांचं तोंड मिळतं. कापड एकावर एक १ इंच, दर २ इंचांवर एक टिचबटण, म्हणजे ६ बटणं. चोळी आता हातात ‘घालावी’ लागत नाही, ती खाली पसरायची, हात तिच्यावर ठेवायचा आणि मिटायची. वरच्या पाखावर खणाचा काठ उभा लावला तर उघडी रेघ दिसत नाही, मुद्दाम केलेली नक्षी वाटते.

इथं एक चूक हमखास होते. डावी बाहीही तशीच उघडी ठेवली जाते, एकसारखी दिसावी म्हणून. तसं करू नका. चांगल्या हातानं बाहीत हात घालणं ही तिची स्वतःची हालचाल आहे, दिवसातून दोनदा होणारी. ती काढून घेऊ नका. दिसायला सारखं हवं तर डाव्या बाहीवर नुसता काठ लावा.

लुगडं

नऊवारी म्हणजे सुमारे ८.२ मीटर. ते सगळं आता तिच्या अंगाला पेलत नाही. आधी ट्रंकेतलं सर्वांत मऊ, बऱ्याचदा धुतलेलं, तिनं परवानगी दिलेलं लुगडं निवडा. जुनेर असेल तर उत्तम, पण उजेडावर धरून बघा. घडीच्या रेघांवर विरलं असेल तर ती जागा निऱ्यांत येईल असं आखा, कमरेच्या ताणावर येऊ देऊ नका. जुन्या बायका मध्ये विरलेल्या लुगड्याला दंड घालायच्या. विरलेला पट्टा काढून दोन्ही चांगले तुकडे जोडायचे. हे काम त्याच जातीचं आहे, हे तिला सांगितलं तर कापण्याचं भय कमी होतं, कारण दंड तिनं स्वतः घातलेले असतात.

बाजारात मिळणारी शिवलेली नऊवारी, पायजम्यासारखे दोन पाय असलेली, इथं चालत नाही. नाचाला ठीक आहे. संडासला जाताना ती पूर्ण खाली ओढावी लागते, आणि ज्या बाईला दोन मिनिटंही धरवत नाही तिच्यासाठी हे म्हणजे रोजची फजिती. दोन तुकडे करा: खाली गुंडाळायचा घेर, वर सुटा पदर.

घेराचा हिशेब असा. बसून घेतलेलं सीटचं माप ३८, एकमेकांवर येणारा भाग १२, आणि ५ इंचांच्या ६ निऱ्या, प्रत्येकीला १० इंच कापड, म्हणजे ६०. एकूण ११० इंच, जवळपास २.८ मीटर. पदराला २.४ मीटर. दोन्ही मिळून ५.२. उरले ३ मीटर, त्याचं पुढं बघू.

कापण्याआधी सगळं धावदोऱ्यानं, मोठ्या टाक्यांनी उभं करा. ८ दिवस ती ते वापरू दे. मग कात्री.

इरकलचा पदर कुठून कापायचा याला एक बंधन आहे. इरकलमध्ये पदराचा ताणा वेगळा असतो आणि अंगाच्या ताण्याला तो एकेक धागा अडकवून जोडलेला असतो. त्यालाच टोपे तेनी म्हणतात, आपण टोपपदर म्हणतो. लाल पदर सुरू होतो ती रेघ म्हणजे तो सांधा. त्या सांध्यावर टीप मारू नका, बटण लावू नका आणि कात्री त्याच्यापासून निदान १० इंच लांब ठेवा. सांधा दुखावला तर पदर ओढल्यावर तिथंच फाटतो आणि रफू शोभत नाही.

घेराची उंची घोट्यापर्यंत नको, जमिनीपासून ३ इंच वर ठेवा. वॉकर घेऊन चालणाऱ्या बाईला लांब काठ म्हणजे पायात घातलेला दोर. घोटा दिसायला नको म्हणणारी असेल तर तिच्या रंगाचे सुती पायमोजे सुचवा, लुगडं खाली आणू नका. पन्हा उंचीपेक्षा १०-१२ इंच जास्त निघतो. खालचा काठ हलवायचा नाही, जास्तीचं कापड वरून आत दुमडा. पोटावर दुहेरी थर येतो, हिवाळ्यात तो उबेला बराच असतो. उन्हाळ्यात नकोसा झाला तर मागच्या भागातला दुमड तेवढा कापा.

निऱ्या कमरेपासून ५ इंच खाली पक्क्या शिवा, तिथून पुढं मोकळ्या सोडा. खालपर्यंत इस्त्रीनं घडी बसवलेल्या, शिवलेल्या निऱ्या शाळेच्या युनिफॉर्मसारख्या दिसतात. मोकळ्या निऱ्या चालताना हलतात, आणि लुगडं लुगड्यासारखं दिसतं ते त्या हलण्यामुळं.

कमरेला नाडी नको. वर्षानुवर्षं आवळलेल्या परकराच्या नाडीचा काळा वळ बहुतेक म्हाताऱ्या बायकांच्या कमरेवर असतोच. तिथली कातडी पातळ होते, चिघळते. अडीच इंच रुंदीची मऊ सुती पट्टी लावा, पुढून सपाट, दोन्ही बाजूंना ३-३ इंच लांब इलॅस्टिक. परकर वेगळा देऊच नका, घेराच्या आत मलमलीचं अस्तर पुरे. तोंड चांगल्या हाताच्या बाजूला, २ मोठ्या टिचबटणांवर.

काष्टा घालणारी असेल आणि हिंडती-फिरती असेल, तर मागं कमरपट्टीवर निऱ्यांचा एक ४ इंची पट्टा शिवा, पोटरीपर्यंत मोकळा लोंबणारा. मागून बघितलं तर काष्टा दिसतो, पायांतून काही जात नाही. काही आजी हे बघून हसतात आणि “गोलच बरं” म्हणतात. तेही बरंच.

पदर कमरेला ३ टिचबटणांनी अडकवा. खांद्यावर पिन लावू नका. मधुमेहानं संवेदना कमी झालेल्या अंगात पिन रुतली तरी कळत नाही. त्याऐवजी चोळीच्या खांद्यावर दीड इंचाची पट्टी, एका टोकाला शिवलेली, दुसऱ्या टोकाला टिचबटण. पदर तिच्याखालून जातो. डोईवर पदर घेणारीसाठी पदराच्या चुण्या करू नका, पूर्ण पन्हा मोकळा ठेवा, आणि डोक्यावर येतो त्या जागी आतून ४ इंच रुंद सुती पट्टी हेम टाक्यानं लावा. रेशमी कापड पातळ झालेल्या केसांवरून घसरतं, सूत धरून राहतं. एवढ्या एका पट्टीनं दिवसभर “पदर घे गं” म्हणावं लागत नाही.

अंथरुणात असेल तर

कपड्यात काय कुठं ठेवायचं याचा सगळा हिशेब उलटा होतो. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं, खांद्याची फरं या जागांवर शिलाई, गाठ, बटण, दुमड काही म्हणजे काही नको. चुरगळलेलं कापडही तासाभरात वळ उठवतं, म्हणून प्रत्येक वेळी वळवल्यावर खालचं कापड हातानं ताणून सपाट करायला घरच्यांना शिकवा. कातडी लाल होऊन लालपणा जात नसेल तर शिवणकाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

घेर मागून उघडा शिवा. ३८ सीटला ३० इंच अंग आणि ८ इंच कापड खाणाऱ्या ४ निऱ्या, म्हणजे ६२ इंच, १.६ मीटर. वर दोन्ही बाजूंना ५ इंचांची एकेरी पाखं, जी मागं जेमतेम एकमेकांवर येतात आणि झोपवताना बाजूला सारता येतात. खाली चादरीशिवाय काही राहत नाही, आणि कुशीवर वळवलं तरी ती उघडी पडत नाही. इलॅस्टिक पुढं, पोटाच्या दोन बाजूंना. लघवीची नळी असेल तर बाजूच्या शिलाईत मांडीच्या उंचीवर ६ इंचांची चीर ठेवा. नळी तिथून बाहेर काढायची, कमरपट्टीवरून नाही, कारण पिशवी आणि नळी मूत्राशयाच्या खाली राहायला हवी आणि नळीला मुरड पडता कामा नये. पिशवी लुगड्याला अडकवू नका. भरली की दोन लिटरचं ओझं होतं. तिची जागा कॉटच्या दांडीला.

आता नक्षी. झोपलेल्या बाईला स्वतःचं काय दिसतं? छातीवरचा पदर, बाहीची कड आणि हात. काठाचा चांगला तुकडा, कशिद्याची गोपुरं, रथ, मोर जे काही त्या लुगड्यावर असेल ते तिथं आणा. मागच्या बाजूचा कशिदा कुणालाच दिसत नाही आणि तिला टोचतो. कसुतीचा, म्हणजे या लुगड्यांवरच्या कशिद्याचा, गवंती टाका दोन्हीकडून सारखा दिसतो, त्यामुळं तुकडा उलटा पडला तरी बिघडत नाही, पण मेंथी आणि नेयगी हे टाके असतील तर सुलट बाजू तपासून लावा. विसराळूपणा आलेल्या बायकांची बोटं सारखी काहीतरी चाचपत असतात. पदराची दशी किंवा कशिद्याचा उंचवटा हाताशी आला की बटणं उपटणं कमी होतं. सुटणारा मणी, टिकली मात्र नको, तोंडात जाते.

अशा बायका ओळखीच्या कापडाला पटकन हात देतात. म्हणून शिवून झाल्यावर पावडरीच्या वासाच्या नव्या साबणात धुऊ नका. घरात जो साबण आहे त्यातच धुवा, आणि तिच्या ट्रंकेत दोन दिवस ठेवून मग नेसवा.

पुरुषांचं थोडक्यात

धोतर ४.५ मीटरचं. त्याचीही वरच्यासारखीच गुंडाळी करता येते, पुढं शिवलेल्या निऱ्या, बाजूला तोंड. पैरणीची पाठ उघडी करून खांद्यावर बटणं द्या. शर्टाच्या पुढच्या गुंड्या दिसायला तशाच ठेवा, खाली शिलाई. आणि टोपी विसरू नका. अंथरुणातल्या म्हाताऱ्याला पाहुणे आले की आधी टोपी लागते. कडक कांजीची नको, मऊ, मागची शिवण काढून तिथं इलॅस्टिक घातलेली, म्हणजे उशीवर डोकं टेकलं तरी घसरत नाही.

किती जोड, आणि धुणं

एक जोड शिवून देऊन मोकळं होणं ही फसवणूक आहे. खानापूरकडच्या पावसात सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. लघवीवर ताबा नसेल तर घेर ४, चोळ्या ३, पदर २ असा हिशेब धरा. घेरांपैकी एकच इरकलचा, बाकी त्याच रंगाच्या स्वस्त सुती साडीचे चालतील, काठ मात्र सगळ्यांना तिच्या आवडीचा लावा. पदर वरच राहतो आणि क्वचित मळतो, म्हणून तो खरा इरकलचा ठेवता येतो. इरकल गार पाण्यात, सावलीत, पिळल्याशिवाय. मळलेला घेर वेगळा, पदराबरोबर भिजवला तर लाल उतरतो.

पहिल्या ८ दिवसांनी परत जा आणि चार जागा बघा: काख, कमरपट्टीखालची कातडी, खांद्याची बटणं, निऱ्यांची शिवलेली टोकं. नेसवणारीला वेगळं विचारा, आजीसमोर नको. बरं झालं, पाठ दुखायची थांबली असं ती म्हणेल, किंवा गाऊनच बरा होता म्हणेल. दुसरं म्हणाली तर कुठलं पाऊल नडतं ते बघा. बहुतेक वेळा ते एखादं चुकीच्या बाजूला गेलेलं तोंड असतं आणि अर्ध्या तासात फिरवता येतं. आजीच गाऊन मागत असेल तर गाऊन द्या, वर सुटा पदर द्या.

उरलेले ३ मीटर दुकानात ठेवून घेऊ नका, आणि तिनं सांगितल्याशिवाय त्याची पिशवी, उशीचा अभ्रा, नातवाची दुपटी करू नका. कापलेल्या कडेला बारीक हेम घाला, घडीऐवजी गुंडाळी करा म्हणजे तुकडा रेघेवर विरत नाही, धुवट मलमलीत बांधा आणि तिच्या देखत तिच्या ट्रंकेत ठेवा. किल्ली तिच्या उशाखाली.